पाचही शीलं म्हणणारी सुनंदा

रविवारी पंचशील म्हणताना सुनंदाचा आवाज तिसऱ्या शीलाला सगळ्यांच्या वर जायचा. व्यभिचार करणार नाही, असं ते शील. आमचं विहार म्हणजे लंडनच्या ईलिंगमधला भाड्याचा हॉल. त्या ओळीला निम्म्या माना तिच्याकडे वळायच्या. ती पहिल्या रांगेत, मांडीवर लग्नाशिवाय झालेली मुलगी.

एकदा चहाच्या वेळी एक बाई तिला म्हणाल्या, "अगं, तेवढं तरी हळू म्हणावं."

"ताई, मी पाचही म्हणते. तुम्हाला तिसरंच ऐकू येतं. पाचवं दारूचं आहे, तेव्हा कोणी मान वळवत नाही."

मी शेजारीच उभा होतो. शनिवारी पबमध्ये बसणाऱ्यांत मीही असायचो. मी बिस्किट चहात बुडवलं आणि खाल्लं.

मी चौथी शिकलेला. ब्रेडच्या फॅक्टरीत जन्म गेला, पण विहाराच्या कमिटीत माझा शब्द चालायचा, आणि तो मी चालवायचो. सुनंदा नागपूरची, इथं हॉस्पिटलात नर्स. मुलगी झाल्यावर नामकरण विहारात करायचं म्हणून ती कमिटीपुढे आली. आम्ही सात जण टेबलामागे, ती एकटी समोर. अध्यक्ष म्हणाले, "आधी बापाचं नाव सांग. मग बघू."

"नाव बाळाचं ठेवायचंय, सर. बापाचं नाव त्याच्या बापानं केव्हाच ठेवलंय," ती म्हणाली, आणि एकदाच माझ्याकडे बघितलं.

तो बाप म्हणजे माझा मुलगा, संदीप. आदल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं. त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं, सोयरीक मोठी. मी म्हणालो, तोंड बंद ठेव आणि ग्लासगोची नोकरी धर. नामकरणाला कोणाचा नकार आहे, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. तेव्हा काही वाटलं नाही. हात जड नव्हता, एवढं आठवतं.

पुढच्या रविवारी वंदना संपली तशी ती स्वतःच उठली. "हिचं नाव प्रज्ञा," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि डबा उघडून खीर वाटायला निघाली. कोणी वाटी पुढे केली नाही. माझ्यापाशी आली. "घ्या काका. खिरीला कसला बाप विचारताय?" मी हात खिशातून काढले नाहीत. मग ती खुर्चीवर बसली आणि सावकाश, निवांत, आपली खीर आपण खाल्ली.

अठरा वर्षं ती येत राहिली. संदीपचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. माझी बायको शेवटी तिच्याच वॉर्डात होती. सुनंदा तिची वेणी घालायची. बायकोला सगळं ठाऊक होतं. तिनं विचारलं, "पोरी, आमचा राग नाही येत?"

"येतो ना, काकू. ड्यूटीवर येत नाही."

यंदा सुनंदा गेली, कॅन्सरनं. क्रिमेटोरियममध्ये नर्सेस पुष्कळ, विहारातले आम्ही पाचसहा. मला रडू आलं नाही. बसची वेळ बघत उभा होतो.

तीन आठवड्यांनी तिच्या फ्लॅटवर गेलो. प्रज्ञानं दार उघडलं. "या, काका." मी बसलो. भिंतीकडे बघून बोललो, तिच्याकडे बघून जमलं नसतं.

"संदीप तुझा बाप आहे. मला माहीत होतं. तरी तुझ्या नामकरणाला पहिला हात मी वर केला."

ती किटलीत पाणी भरायला वळली. "आय नो. आईनं सांगितलं होतं. म्हणाली, ते आले तर आत घे. बोलले तर आजोबा म्हण. नाही बोलले तर काका."

तिनं किटलीचं बटण दाबलं. पाणी उकळलं.

"शुगर किती, आजोबा?"

मला डायबेटिस आहे. दोन, म्हणालो.