एकादशीची नक्कल

आमच्या घरात दर एकादशीला कॉम्प्युटरची नक्कल निघायची. देवाचा काही संबंध नाही. उपास असला की स्वयंपाक कमी, म्हणून हिने तो दिवस धरला होता. ही म्हणजे माझी बायको. सदाशिव पेठेत एका छापखान्यात मराठी टायपिंग करायची. छापखाना बंद झाला तेव्हा घरी कॉम्प्युटर घेतला. लग्नपत्रिका, बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा. मी सातवी शिकलेला, हडपसरच्या कारखान्यात फिटर. मला त्यातलं कळायचं नाही, पण रिटायर झाल्यावर शेजारी बसून बघायचो.

ती म्हणायची, नुसत्या फायली ठेवून भागत नाही. फॉन्ट, प्रिंटर, सगळा कॉम्प्युटर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. उद्या हा बसला तर ती डिस्क लावायची आणि तिच्यावरून चालू करायचा. काम अडत नाही. अशा दोन डिस्का होत्या. एक घरी, एक वारज्याला मुलीकडे; घराला आग लागली तर एक तरी असावी म्हणून. सकाळी घरच्या डिस्कवर नवी नक्कल काढायची, तिच्यावरून एकदा चालू करून बघायचं, मग पिशवीत घालून वारज्याची बस. येताना तिथली जुनी आणायची. पुढच्या एकादशीला जुनीवरचं पुसून नवं.

मी म्हणायचो, "लेकीला भेटायला निमित्त लागतं होय?"

"तुम्हाला निमित्तही सुचत नाही, म्हणून तुम्ही जातच नाही."

अशीच एका एकादशीला ती वारज्याला जाऊन आली आणि त्याच आठवड्यात वारली. आंघोळीला पाणी काढलेलं होतं. ते मी नंतर ओतून दिलं. त्यापुढची एकादशी सुतकात गेली. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. बसला असेल.

गिऱ्हाइकं यायची थांबली नाहीत. जुनी पत्रिका उघडून एका बोटाने नावं बदलायला मला जमतं. एकजण म्हणाला, "काका, काकू असत्या तर अर्ध्या तासात झालं असतं."

म्हटलं, "त्या असत्या तर तुम्हाला माझं तोंड बघावं लागलं नसतं. बसा."

मग एकादशी आली. काम चालू होतं, म्हणजे नक्कल हवी. मी बसलो. कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, ते कॉम्प्युटर आधी विचारतो. उलटं झालं की जुनं नव्यावर बसतं आणि गेलं सगळं. ती पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणायची, "हिच्यातून तिच्यात." मीही म्हटलं. नक्कल निघाली, चालू करून बघितली, वारज्याला गेलो.

मुलीने माझ्या हातातली डिस्क घेतली. जुनी आणायला काही उठेना.

"आण ना ती. मला बस आहे."

"ती मिळायची नाही, बाबा."

"का?"

"आईने काढलेली शेवटची आहे. तुम्ही नेऊन पुसाल."

"पुसायचीच असते. तिच्यातलं सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

"त्यात आता तुम्हीही आहात. एका बोटाने काय काय केलं असेल देव जाणे. हिच्यात फक्त आई आहे."

"लावून बघितलीस का?"

"नाही. चालू केली की बदलते ती. तारखेपासून सगळं."

"मग चालते का नाही, कसं कळणार?"

"नाही कळलं तरी चालेल मला."

"असली डिस्क काय कामाची? त्यापेक्षा दगड ठेव कपाटात."

तिने माझ्याकडे बघितलं. "घरची पुसलीत ना तुम्ही? आज सकाळी?"

पुसली होती. त्याशिवाय नवी निघते कशी? तीही हिनेच काढलेली होती, वारज्याच्या डिस्कच्या आधीच्या एकादशीची. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी सांगेपर्यंत नाही, आणि सांगितल्यावरही काही वाटलं नाही. एवढंच कळलं की आता तिच्या हातची ही एकच राहिली.

मुलीने कपाट उघडून दाखवली. बायको डिस्क रुमालात बांधून न्यायची, बसमध्ये आपटू नये म्हणून. वर दुहेरी गाठ. मुलीने ती सोडलीही नव्हती. तिच्या आईने बांधून दिली तशीच ठेवली होती. मी फिटर माणूस, गंजलेला बोल्ट सोडवतो. रुमालाची गाठ ती काय! हात लावला नाही.

"ठेव," म्हटलं.

तिने कपाट लावून घेतलं आणि चहा टाकला. आम्ही दोघांनी घेतला. जावयाची चौकशी केली. निघालो.

पुढच्या एकादशीला नक्कल काढायला घरी डिस्क उरली नव्हती, म्हणून बसला जाता जाता वारज्याच्या चौकात नवी घेतली. दुकानदार म्हणाला, "काका, हल्ली हे कोणी घेत नाही. सगळं ऑनलाइन ठेवतात."

"ठेवू देत."

घरी येऊन खोक्यातून काढली, जोडून बघितली. आत काही नव्हतं. मग रताळी उकडायला ठेवली.