वाकडी ओळ

जिने मला माझी झोप परत मिळवून दिली, तिचं नाव मला ठाऊक नाही.

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची मी दुसऱ्यांदा तयारी करत होते. रोज सराव चाचणी द्यायची आणि तासातासाला मोबाइलवर गुण बघायचे. शेवटी आईच चिडून म्हणाली, "जा, जरा फिरून ये." मी कडाव गावाच्या रस्त्याने चालत सुटले.

एका शेतात एक मावशी भाताची लावणी करत होती. वाकलेल्या कमरेनेच मागे मागे सरकायची, मान वर न करता बोलायची. मला बांधावर बघून तिने रोपांची जुडी पुढे केली. "नुसती काय बघतीस गं? उतर खाली." मी एक ओळ लावली. त्या चिखलात तासभर मला परीक्षा आठवलीच नाही.

तिसऱ्या दिवशी गेले, तर माझी ओळ पिवळी पडलेली. घाबरून मी रोपं उपटून मुळं बघू लागले. मावशी लांबूनच ओरडली, "अगं, ठेव ती! लावल्यावर पिवळी पडतातच. रोज उपटून बघशील तर मूळ धरंल कवा?"

त्या संध्याकाळी मी गुण बघितले नाहीत. पुढे रोज बांधावर नुसती बसायला जाऊ लागले. आठवड्याभरात ओळ हिरवी झाली, आणि मलाही रात्री झोप लागू लागली.

दिवाळीआधी कापणीला गेले. तेव्हाही नाव विचारायचं राहिलंच. मावशीने विळ्याने माझी ओळ दाखवली आणि हसली.

"लय वाकडी लावलीस गं. पन दाणा बघ, बाकीच्यांवानीच भरलाय."