गोदीतला गाळ

बायकोने खाडीतून वेचून आणलेल्या तिसऱ्यांतली एक शिंपली उघडली, तर आत मांस नाहीच, नुसता काळा, डिझेलचा वास मारणारा गाळ. मला शाळेत बाराखडी ओळखता आली नाही, पण हा गाळ मी लगेच ओळखला. नौदलाच्या गोदीतला. मीच तो वाहून नेतो.

मोठ्या जहाजांच्या पोटाखाली पाणी पुरावं म्हणून गोदी आणि तिथे जायची वाट सारखी उपसावी लागते. गाळ बार्जमधून लांब खोल समुद्रात सोडायचा, असा नियम. पण मुकादम म्हणतो, "एवढा लांब कशाला मरायला जातोस? इथंच सोड, समुद्राला काय कळतंय!" आणि मी गाढव, घरी गरम जेवण मिळेल म्हणून खाडीच्या तोंडाशीच बार्जच्या तळाची दारं उघडतो. वाटतं, पाण्यात पडलं म्हणजे गेलं. जातं कुठलं बोडक्याचं! मोठ्यांच्या वाटेतून काढलेलं सगळं आमच्यासारख्यांच्या दारात येऊन बसतं, आणि आणून टाकणाराही आमच्यातलाच.

"कुणा मेल्याने टाकलं हे?" बायको कडाडली. "सगळ्या तिसऱ्या मेल्या. आता बाजारात काय विकू, माझं डोकं? त्याच्या हातांना किडे पडोत!"

"पडोतच!" मी तिच्याहून मोठ्याने ओरडलो आणि मुकादमाच्या सात पिढ्या काढल्या. राग अगदी खरा होता.

तिने माझा हात ओढून नखं बघितली. मग ती शिंपली माझ्या ताटात वाढली.