आधी कधी हात गळाला होता का?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायकोच्या खाटेजवळ उभं राहून डॉक्टरांनी मला तोच प्रश्न पुन्हा विचारला. "आधी कधी यांचा हात गळाला होता का? बोलताना जीभ अडखळली होती?"

"नाही," मी म्हणालो. पहिल्यांदाही नाहीच म्हणालो होतो.

तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून तिला नांदेडला आणलं होतं. आजार दुर्मीळ निघाला. मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू बुजत गेल्या होत्या, त्यांच्याऐवजी बारीक नसांचं जाळं वाढलं होतं आणि अगदी खोलवरच्या एका नसेला आलेला फुगा फुटला होता. तो पुन्हा फुटायच्या आत बंद करायचा होता.

खरं हे, की दोन वर्षं चूल फुंकताना तिचा उजवा हात गळायचा. फुंकणी खाली पडायची, जीभ जड व्हायची. दहा मिनिटांत पुन्हा सगळं ठीक. "भाकरीच्या वेळेलाच बरा रुसतो तुझा हात," असं मी हसून म्हणायचो. पुढं लकवा असेल म्हणून शिरड शहापूरला एका वैदूकडे नेऊन तिच्या हाताला कबुतराचं रक्त चोळून आणलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. डॉक्टरांपुढे हे तोंडातून निघेना.

मग त्यांनी तिलाच विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई साहेब, कवाच न्हाई."

उद्या जिची कवटी उघडणार होते, ती माझी लाज राखत होती. मला राहवलं नाही. चुलीपासून कबुतरापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"काहून सांगून राहिले?" ती पुटपुटली. "शाळेत कळलं म्हंजे?"

डॉक्टर रागावले नाहीत. "मला शंका होतीच," ते म्हणाले. "जोरजोरात फुंकलं की मेंदूच्या नसा आवळतात. म्हणजे यांना रक्त आधीपासूनच कमी पडतंय. भूल दिल्यावर रक्तदाब जराही उतरू द्यायचा नाही. आणि रक्त वाढवायला कानशिलावरची एक नस आत मेंदूच्या नसेला जोडावी लागेल." भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठायला ते लगेच निघाले.

फुगा बंद झाला, नसही जोडली गेली. ती आता हिंडते-फिरते, एखादा शब्द मात्र शोधावा लागतो. तिच्या त्या नकाराबद्दल मी एकदाच विचारलं.

"तुमी दोनदा न्हाई म्हणले," ती म्हणाली. "मंग म्या येगळं कसं सांगू?"