काय चालते ते आधी लिहा

विश्वनाथदादा गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मारेगावच्या घरात, त्यांनीच जिवंत केलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. महिना झाला... अजून त्याचं बटण दाबताना हात थबकतो.

कापसाचे भाव पडले होते त्या वर्षांत मी शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत कोलाम पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, जाऊन शब्द गोळा करायचे. भीमाबाई नावाच्या आजीने सांगितलेले शेकडो कोलामी शब्द त्या मशीनमध्ये होते. वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या आणि आजीही गेली होती. एका सकाळी पडद्यावर आलं, हार्ड डिस्क सापडत नाही. एका दुकानदाराने ‘डिस्क मेली’ म्हणून हात झटकले. मी रडायचीच बाकी होते.

मग कुणीतरी पांढरकवड्याच्या दादांचं नाव सांगितलं. ते रेडिओ आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, कॉम्प्युटर पुस्तकांवरून शिकलेले. मी मशीन त्यांच्याकडे नेलं, तेव्हा ते उघडण्याआधी त्यांनी कागद पुढे केला. “काय बिघडलं ते मंग सांगजा ताई. काय चालून राह्यलं ते आधी लिहा.” पंखा चालतो, दिवा लागतो, मी लिहीत गेले. दादांनी डिस्कवर बोटं टेकवली, डोळे मिटले. “फिरून राह्यली. डिस्क जित्ती हाय! तिचा निरोप पोचवणारं कंट्रोलर कार्ड गेलं.” मी थक्क झाले. नुसत्या बोटांनी! माझ्या घरासमोरच्या जिनिंग कारखान्यातली रुई आत जाऊ नये म्हणून मी चालू मशीनवरही गोधडी टाकायचे, हे कळल्यावर ते खो खो हसले. “मशीनले थंडी वाजते काय? तापून गेलं ना बिचारं!”

तसलं जुनं कार्ड कुठेच मिळेना. शेवटी दादांनी स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं काढून माझ्या मशीनमध्ये बसवलं, केबलची लाल कड नीट जुळवली, बटण दाबलं... आणि भीमाबाईचे शब्द ओळीने पडद्यावर आले. मी दादांकडे वळले.

“अन् तुमचं मशीन?”

“माह्या मशीनमंधी पत्त्याचा खेळ हाय ताई. ह्याच्यात माणूस हाय.”

परवा त्यांच्या घरी जाऊन आले. शेवटचे पंधरा दिवस दादांची वाचा गेली होती. मुलीने दवाखान्याची फाइल माझ्या हातात दिली. मागच्या कोऱ्या पानावर वाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं...

कान चालते. उजवा हात चालते. चहाची चव समजते. पोरगी ओळखू येते.

बोलता येत नाही, हे कुठेच लिहिलं नव्हतं.