आंघोळीआधी चव्वेचाळीस

श्वास मोजायचं काम करते असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, त्यात मोजायचं काय? पहिल्या आठवड्यात मीही हेच म्हणत होते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांवर एक संशोधन चालू होतं. त्यांची फुप्फुसं कच्ची असतात. साध्या सर्दीचा विषाणू एखाद्या बाळाला दोन शिंका देऊन जातो आणि दुसऱ्याला थेट दवाखान्यात पाठवतो, ते का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. माझ्याकडे घाटकोपर ते चेंबूर एवढा पट्टा होता. दर आठवड्याला घरी जायचं, बारीक काडीने नाकातला नमुना घ्यायचा, झोपलेल्या बाळाचं पोट बघत मिनिटभर श्वास मोजायचे आणि फॉर्म भरायचा.

मोजायला बसले तेव्हा कळलं, बाळ आपल्यासारखा श्वास घेतच नाही. चार-पाच भराभर घेतं, मग थांबतं. आपण घाबरून त्याच्या तोंडाकडे बघतो, तोवर ते पुन्हा सुरू झालेलं असतं. मला या कामाचं वेडच लागलं. बसमध्ये समोर बसलेल्या बाईचे श्वास मोजायचे, टीव्हीसमोर डुलकी घेणाऱ्या नवऱ्याचे मोजायचे. एकदा तो डोळे न उघडता म्हणाला, "किती झाले? आता चहा टाक."

माझ्या पट्ट्यातलं एक घर चेंबूरच्या देवनारकडच्या बाजूला, सातव्या मजल्यावर होतं. घरात दिवसभर तिघी असायच्या. सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी, तिची आई आणि मुलीची आजी, म्हणजे आईची सासू. आजी मालवणकडची. लग्न होऊन गिरणगावात आली आणि म्हातारपणी या बिल्डिंगमध्ये. मुलगी दोन महिने काचेच्या पेटीत होती. घरी आली ती प्राणवायूच्या मशीनसकट, आणि नाकातली ती नळी नुकतीच सुटली होती. पुन्हा दम लागला तर पुन्हा दाखल करावं लागेल, असं आमच्या डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे घरात कडक नियम होते. चपला जिन्यात, हात कोपरापर्यंत धुवायचे, पाहुण्यांना बंदी. सख्ख्या आत्यानेही बाळ दारातूनच बघितलं होतं. मला हे घर फार आवडायचं.

अडचण माझ्या आकड्यांची होती. मी सकाळी अकराला जायचे. माझे आकडे साठ, अठ्ठावन्न, बासष्ट. त्या वयाला हे जास्तच. बरं, नाकाच्या नमुन्यात विषाणू एकदाही सापडला नाही. आणि तीच मुलगी दुपारी तपासणीला आली की मॅडमचा आकडा चव्वेचाळीस.

"तुम्ही बाळ रडत असताना मोजता का?" मॅडमनी विचारलं.

मला मिरच्या झोंबल्या. "झोपलेलं असतं मॅडम. गाढ."

"मग मोजणी चुकतेय."

त्या दिवशी मी कोणाशी धड बोलले नाही. पण राग उतरल्यावर लक्षात आलं, माझा आकडा खरा ठरला तर ती मुलगी पुन्हा दवाखान्यात जाणार. मी बरोबर ठरावं की चूक, हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी चारला तिथे गेले. आईला वाटलं काहीतरी बिनसलं. "काय झालं ताई? रिपोर्ट खराब आला का?" म्हटलं काही नाही गं, सहज आले. तीनदा मोजलं. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस. पुढच्या आठवड्यात अकराला पुन्हा साठ. मग मला चैन पडेना. ही मुलगी सकाळी असं करते तरी काय? बोलता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, आणि अकरा वाजता जिना चढून आल्यासारखा श्वास.

म्हणून एकदा नऊलाच जाऊन बसले. मुलगी झोपली होती. चव्वेचाळीस. मग ती उठली, दूध प्यायली. आजीने पाय पसरून तिला पायांवर घेतलं, खोबरेल तेलाने मालीश केली, आंघोळ घातली. इतकं हलक्या हाताने की मी बघतच राहिले. खिडकी घट्ट बंद होती. फॉर्ममध्ये धुराचे प्रश्न होते आणि ते मी पहिल्याच दिवशी विचारले होते. बिडी-सिगारेट? नाही. स्टोव्ह? नाही, गॅस आहे. डासांची कॉइल? नाही. देवनारच्या डम्पिंगचा, जळत्या कचऱ्याचा धूर? "येतो ना ताई, म्हणून तर आम्ही खिडकी उघडतच नाही," आई म्हणाली होती, आणि मी तिला शाबासकी दिली होती.

आजीने गॅसवर करवंटी पेटवली, तिचे निखारे धुपाटण्यात घेतले, वर ओवा, वेखंड, लसणीची सालं टाकली आणि दुपट्यातल्या नातीला त्यावर धरलं. एकदा पाठ, एकदा छाती. मुलगी दोनदा बारीकशी खोकली. "बघ, कफ सुटता," आजी समाधानाने म्हणाली. खोलीभर तो वास पसरला. मी दर आठवड्याला याच वासात येत होते. माझ्या बाळंतपणात आईच्या घरी हाच वास असायचा. पहिल्या दिवशी तर मी म्हणाले होते, तुमच्या घरात किती छान वास येतो.

मुलगी झोपल्यावर मोजलं. एकसष्ट.

देवनारचा धूर येऊ नये म्हणून खिडकी बंद, आणि त्या बंद खोलीत रोजची धुरी. फॉर्ममध्ये धुरीसाठी रकाना नव्हता आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. मला कोणी हे प्रश्न विचारले असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. धुरीला आपण धूर म्हणून बघतच नाही, ते औषध.

मॅडमनी ऐकून घेतलं. माझ्या मोजणीबद्दल बोलल्याचं वाईट वाटलं असंही म्हणाल्या. पण लगेच पुढे, "एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. आंघोळीने, दुधानेही श्वास वाढतो. आठवडाभर फक्त धुरी थांबवा, बाकी सगळं तसंच." हे आजीला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

"धुरी दिली नाय तर कफ कसो सुटतलो?" आजी म्हणाली. "तुका धुरी दिल्यानी नाय तुझ्या आवशीन? मेलंस?"

"दिली आईने आजी, आणि नाही मेले. पण मी पुऱ्या दिवसांची होते."

आजीने नातीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "एक आठवडो. तुझ्या समाधानाक."

त्या आठवड्यात मी चारदा गेले. मालीश तीच, आंघोळ तीच, दूध तेच. आंघोळीनंतरचे आकडे सेहेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. चौथ्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी आकडा मोठ्याने म्हटला. मीही बरोबर, मॅडमही बरोबर. मग आजीच्या तोंडाकडे बघितलं आणि मला माझ्या आनंदाची लाज वाटली.

"म्हणजे ह्या सगळा माझ्यामुळे?" तिने विचारलं.

सून चटकन म्हणाली, "आई, तसं नाही हो." मीही म्हटलं, ती लवकर जन्मली म्हणून फुप्फुसं नाजूक, त्यात तुमचा काय दोष. आजीने दोघींचं ऐकलं की नाही कोण जाणे. नातीशेजारी बसत म्हणाली, "माका शिकव गो मोजूक."

मी शिकवलं. कपडा थोडा वर, नजर पोटावर, वर-खाली झालं की एक. सून मोबाइलवर मिनिट लावून बसायची. पहिल्या दिवशी विसाच्या पुढे आजीचा गोंधळ उडाला आणि ती मुलीवरच रागावली, "थांबतस कित्याक मधीच?" मग तिने बोटांची पेरं धरली. आठवडाभरात तिचा आणि माझा आकडा जुळायला लागला.

माझ्या पट्ट्यातल्या बाकीच्या घरांतही मी पुन्हा गेले. "धूर नाही" असं ज्यांनी सांगितलं होतं त्यांनाच विचारलं, धुरी देता का? "हो, ती तर देतोच," असं घरोघरी ऐकलं. फॉर्ममध्ये एक रकाना वाढला. मला माझा थोडा अभिमान वाटला आणि बराचसा राग आला, कारण इतके आठवडे मी त्या वासात बसून "धूर नाही"वर खूण करत होते.

थंडीत त्या मुलीला सर्दी झाली. या वेळी नमुन्यात विषाणू सापडला. मला रात्रंदिवस तेच डोक्यात. मॅडमनी ठरवून दिलं होतं, आकडा साठला पोचला की थेट दवाखाना. आजी दिवसातून चारदा मोजायची आणि सून मला फोनवर कळवायची. पन्नास. चोपन्न. सत्तावन्न, त्या संध्याकाळी मी पर्स भरून तयार बसले होते. सकाळी बावन्न. मग अठ्ठेचाळीस. मुलगी घरातच बरी झाली.

त्यानंतर मी गेले तेव्हा आंघोळ व्हायची होती. सून बाहेर कपडे वाळत घालत होती. आजीने नातीच्या पोटाकडे बघत मोजलं, मी घड्याळ धरलं. चव्वेचाळीस. माझेही तेवढेच. आजीने हात नातीच्या पोटावरच ठेवला.

"माझो दुसरो झील असोच सातव्यातलो," ती म्हणाली. "अठराच दिवस जगलो. तेकाय रोज धुरी दिलंय. बारको होतो म्हणान जास्तच दिलंय."

मी फॉर्म खाली ठेवला. "आजी, तुमच्या मुलाच्या वेळी पेटी नव्हती, मशीन नव्हती. तशीही ती बाळं जगायची नाहीत." हे खरंच होतं. पण धुरीने काही झालं नसेल, असं मात्र मला म्हणता आलं नाही, आणि तिला तेवढंच विचारायचं होतं.

"तेव्हा मोजूक कोण होता," आजी म्हणाली. मग डोळे पुसून तिने हात उचलला. "परत मोज. चुकलंय असान मी."

मी घड्याळ पुन्हा लावलं. आम्ही दोघींनी पेरं धरून बरोबरच मोजलं, या वेळी मोठ्याने. चव्वेचाळीसच आले.