सुरेशच्या गाडीचा आवाज

मायलेजवरून रोज भांडणाऱ्या मित्रांनो, आज माझ्या नव्या डिझेल गाडीने आईला फसवलं.

सकाळी महाडहून गाडी थेट पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीवर नेली. चढ संपवून पोचलो तर अंगण मोकळं. वाळत घातलेली आमसुलं आईने घाईघाईने कडेला ओढली होती आणि ती शेजारच्या काकूंना ओरडून सांगत होती, "माझा सुरेश आला गो!"

सुरेश माझा थोरला भाऊ. दोन वर्षं झाली, दुबईला आहे. जाताना गाडी विकून गेला. वरंधा घाटात त्या गाडीने कधी दगा दिला नव्हता.

मला बघून आईचा चेहरा पडला. मी गाडीत बसूनच समजावलं, की कंपनी वेगळी असली तरी इंजिन तेच आहे, म्हणून आवाजही तोच. दोन्ही कंपन्या एकच इंजिन बसवतात.

"म्हंजे आतून सुरेशचीच हाय?"

"हो," म्हणत मी चावीला हात घातला.

"बंद नको करू रे. ऱ्हाऊ दे जरा चालू."

ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

सांगा, तुमच्यापैकी कुणी बंद केली असती?